खालच्या दाताचा कोपरा

"बघा, पण हात लावू नका."

माझ्या खुर्चीत बसली की तोंड उघडायच्या आधी ती हे म्हणायची. तेरा वर्षांची असताना म्हणाली, अठरा वर्षांची असताना म्हणाली, आणि पुढे जर्मनीहून सुट्टीवर येऊ लागली तेव्हाही म्हणाली. आता तुम्हीच सांगा, दातांच्या डॉक्टरकडे यायचं आणि हात लावू नका म्हणायचं, अशा पेशंटचं काय करावं? न्हाव्यापुढे मान द्यायची आणि कात्री नको म्हणायचं, त्यातली गत. पण ती इतक्या गंभीर चेहऱ्याने सांगायची की मी मुकाट्याने फक्त आरसा उचलायची आणि दुसरा हात तिला दिसेल असा वर धरायची.

माझा दवाखाना हैदराबादच्या कोठी भागात, जुन्या पुस्तकांच्या दुकानांवरच्या मजल्यावर. तीसेक वर्षं झाली, मी तिथे लोकांच्या तोंडात डोकावते आहे. इथली मराठी माणसं माझ्याकडे येतात ती निम्मी दात दाखवायला आणि निम्मी मराठीत कण्हायला. 'दर्द है' सगळ्यांना म्हणता येतं, पण 'ठणकतंय हो' म्हटल्याशिवाय आपल्या माणसाचं समाधान होत नाही.

तिला पहिल्यांदा घेऊन आले ते तिचे वडील. पोलिसांच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. उंच, ताठ, मिशा कातरलेल्या, आणि बोलणं थेट परभणीकडचं. पोरीचा खालच्या ओळीतला समोरचा एक दात किंचित फिरलेला होता. त्याचा एक कोपरा बाकीच्यांपेक्षा वर आलेला. मी माझ्या सवयीप्रमाणे दोन्ही जबड्यांचे ठसे घेतले, प्लॅस्टरचे साचे ओतले, आणि पुढच्या आठवड्यात बापलेकींना बसवून तारा कशा लावायच्या, दोन वर्षांत ओळ कशी सरळ होईल, सगळं समजावून सांगितलं. मला वाटलं, आता विचारतील खर्च किती.

ते म्हणाले, "नको डॉक्टरबाई. ती वाजवते."

"अहो, वाजवते तर वाजवू दे की. तारांनी काय होतंय?"

तेव्हा तिने पिशवीतून एक लांबट पेटी काढली. ओबो हे नाव मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. आपल्या सनईची परदेशातली मावसबहीण समजा. काळी, सडपातळ, अंगभर चांदीसारख्या चाव्या. तोंडाशी बोरूच्या जातीच्या वेताच्या दोन पातळ पात्या एकमेकींना बांधलेल्या असतात, त्या जोडीला म्हणतात रीड. दोन्ही ओठ दातांवर आत दुमडायचे, त्यांच्यामध्ये ती रीड धरायची आणि फुंकायचं. बँडच्या कपाटात हे वाद्य कित्येक वर्षं पडून होतं, कुणाच्या तोंडी बसत नव्हतं. बापाने मुलीच्या तोंडी दिलं आणि बसलं.

"ह्या वाकड्या दातावरच बसलंय सगळं," तिचे वडील म्हणाले. "कामून हलवता?"

तिने एकच सूर वाजवला, लांब. माझ्या बाहेरच्या बाकावर बेगम बाजारातले एक मसाल्याचे व्यापारी सुजलेला गाल धरून बसले होते. ते दारातून डोकावून म्हणाले, "मॅडम, अंदर शादी है क्या? सन्नई बज री ना!" पोर हसली. हसताना तो कोपरा दिसला. मी तारांचा विचार सोडून दिला आणि साचे पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून कपाटावर ठेवले. टाकून द्यायला हवे होते खरं तर. पण मी काही टाकत नाही, माझी आई मला त्यावरून बोलायची.

*

तुम्ही अशी माणसं पाहिली असतील, ज्यांना एका गोष्टीची काळजी लागली की तिला पोरं होतात. ती तशी होती. रीड ओली हवी, पण फार ओली नको. हवा कोरडी नको, दमट नको. ओठ फुटायला नको. सर्दी तर नकोच नको. चित्रांचे रंग मिळतात ना, त्यांच्या झाकणाच्या डबीत पाणी भरून ती खिशात ठेवायची आणि बोलता बोलता रीड त्यात बुडवायची, मग तोंडात धरायची. त्यामुळे तिची निम्मी वाक्यं मी ओठांच्या कोपऱ्यातून ऐकलेली आहेत. पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात. मी एकदा तिला जाम दिला तर तिने रीड तासायचा चाकू काढून त्याच्या कागदासारख्या चकत्या केल्या, आणि म्हणाली, "चावून नाही खात मी मावशी. दाताला काही झालं तर?"

मी म्हटलं, "तू बाई लग्नाच्या वयाची होईस्तोवर शिराच खाणार."

पण काळजी खोटी नव्हती, हे मला हळूहळू कळलं. अठराव्या वर्षी ती गेली. शहरात काही आठवड्यांचा एक वर्ग झाला होता, तिथे आलेल्या एका जर्मन बाईंनी तिला ऐकलं आणि नाव पत्ता लिहून दिला. मग भाषा शिकणं, प्रवेशाची परीक्षा, शिष्यवृत्ती. चार वर्षं शिकली, मग आणखी दोन वर्षं. वाटलं होतं शिकून झालं की झालं. कसलं काय! त्यानंतर खरी परीक्षा. वाद्यवृंदात एक जागा रिकामी व्हायची, त्यासाठी देशोदेशीची माणसं यायची, आणि एका पडद्यामागे उभं राहून वाजवायचं. वाजवणारा कोण, कुठला, बाई का पुरुष, काही कळू नये म्हणून पडदा. चपलांचा आवाजही कळू नये म्हणून खाली सतरंजी.

"म्हणजे मुलगी बघायला येतात तसंच की गं," मी म्हटलं. "फक्त तोंड दाखवायचं नाही."

"आणि पोहे नाहीत," ती म्हणाली.

अशा किती पडद्यांमागून ती परत आली, मोजले नाहीत. दर वर्षी सुट्टीत आली की घरी बॅग टाकून आधी माझ्याकडे यायची. तिथे काय डॉक्टर नाहीत? आहेत की, चांगले आहेत. पण ती म्हणायची, "त्यांना माझा दात माहीत नाही. तुम्हाला माहीतये." आणि मग खुर्चीत मान टेकून, "बघा, पण हात लावू नका." मी बघायची. ठीक आहे म्हणायची. तेवढं ऐकायला ती सात समुद्र ओलांडून यायची, असं मला आपलं वाटायचं. डॉक्टरला असं वाटणं फार वाईट असतं.

तिच्या वडिलांनी एकदा बाकावर बसल्या बसल्या मला घरचं सांगितलं. त्यांचे वडील गावात सनई वाजवायचे. लग्न कुणाचंही असो, बोलावणं आलं की दारात उभं राहायचं, वाजवायचं, आणि पदरात पडेल ते घेऊन यायचं. दीक्षा घेतली त्या वर्षी त्यांनी सनई खुंटीला लावली आणि पुन्हा कुणाच्या दारात वाजवली नाही. पाटलाचा माणूस तीनदा बोलवायला आला होता म्हणे. "मी क्लॅरिनेट उचललं ते सरकारी पगारावर," ते म्हणाले. "तरी बाप दोन वर्षं बोलला नाही माझ्याशी. आता ही वाजवती. हिला तिथं पक्की खुर्ची मिळाली ना डॉक्टरबाई, तर मी बापाला सांगन, बघ, उभं नाही राहात, बसून वाजवती."

माझं गाव त्यांच्या गावापासून पाच कोसांवर. आमचं घर पाटलाचं. माझ्या आजोबांच्या दारात कोण वाजवायचं, हे मी विचारलं नाही. त्यांनीही विषय तिथेच सोडला आणि माझ्या हातचा चहा घेतला.

*

आणि मग मिळाली खुर्ची. म्हणजे, अर्धी. एका शहराच्या वाद्यवृंदात पहिल्या ओबोची जागा, पण एक वर्ष पारखून घेणार. वर्ष संपताना वाद्यवृंदातली सगळी माणसं मतं टाकणार, हिला ठेवायचं का नाही. ठेवली तर जन्माची पक्की. नाही तर पुन्हा पडदा.

मला तिने समजावून सांगितलं होतं की कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी ओबो एक सूर देतो. एकच. बाकी झाडून सगळी वाद्यं त्या सुरावर आपापला सूर लावतात. म्हणजे शंभर माणसं गप्प, आणि आमची ही परभणीकडची पोर एकटी फुंकते आहे. "तो सूर हलला ना मावशी, तर सगळ्यांना कळतं," ती म्हणाली होती. "मग ते पुढे काय वाजवलं ते ऐकत नाहीत."

ते वर्ष संपायला सहा आठवडे राहिले असताना ती पाच दिवसांसाठी आली. वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी दवाखान्यात हजर. डोळ्यांखाली काळं, ओठ सुकलेले. विमानात झोपली नव्हती, त्याआधी आठवडाभर झोपली नव्हती, वडिलांची काळजी एकीकडे आणि त्या मतांची दुसरीकडे. खुर्चीत बसली, मान टेकली, तोंड उघडलं आणि झोपली.

तोंड उघडं ठेवून झोपली! मी तीस वर्षांत असा पेशंट पाहिला नव्हता. आणि तिने तिचं वाक्य म्हटलं नव्हतं, हे माझ्या तेव्हा लक्षातही आलं नाही.

मी ओठ बाजूला केला. आतल्या बाजूला, त्या कोपऱ्याच्या बरोबर समोर, एक पांढरट घट्टा. पूर्वीही असायचा, पण ह्या वेळी मोठा होता, मध्ये चिरलेला. आमच्या शिक्षणात सतत टोचणारा दात आणि त्याच्यासमोर पांढरा डाग, हे दोन एकत्र दिसले की कॅन्सरच्या शंकेने कान टवकारायला शिकवतात. मी घाबरले. खरंच घाबरले. म्हटलं, ही पोर स्वतःच्या ओठावर रोज सुरी चालवते आहे आणि हिला कोणी सांगत नाही. यंत्राला बारीक चकती लावली आणि तो कोपरा गोल केला. किती घेतला असेल? तांदळाच्या कणीचा अर्धा. अर्ध्या मिनिटाचं काम. हे काम मी आयुष्यात हजारदा केलंय आणि लोक थँक्यू म्हणून गेलेत. बोट फिरवून पाहिलं, गुळगुळीत. फार बरं वाटलं मला. हे मुद्दाम सांगते, मला बरं वाटलं होतं.

ती जागी झाली. चूळ भरली. भरता भरता तिची जीभ खालच्या दातावर गेली आणि तिथेच थांबली.

"मावशी, कोपरा कुठाय?"

"गेला," मी हसून म्हटलं. "आता टोचणार नाही."

तिने डबीतली रीड घेतली, तोंडात धरली, पुन्हा धरली. बाहेर काढून तिच्याकडे पाहिलं, जशी काही चूक रीडची आहे. मग पेटी उघडली, वाद्य जोडलं, आणि तो सूर वाजवला. तो एक, शंभर माणसांचा.

मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही. पण तो सूर हलला, हे मला कळलं. तिने दुसऱ्यांदा वाजवला, पुन्हा हलला. तिसऱ्यांदा निघालाच नाही, नुसती हवा. तेरा-चौदा वर्षं ती रीड कुठे टेकवायची हे तिचा ओठ त्या कोपऱ्यावरून ओळखत होता. अंधारात आपण भिंत चाचपडून बटण शोधतो ना, तसं. आणि मी बटणच काढून ठेवलं होतं.

"तुम्ही विचारलं नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मीही उलट बोलले असते, डाग दाखवला असता, डॉक्टरकी केली असती. ती वाद्य पुसत बसली. मी तिच्यासमोर उभी, हातात ती चकती.

*

चार दिवस होते. मी कपाटावरचं खोकं खाली काढलं. धूळ झटकली. तेरा वर्षांच्या पोरीचा खालचा जबडा, प्लॅस्टरचा, आणि त्यात तो कोपरा, जसाच्या तसा. मला त्या दिवशी माझ्या काही न टाकण्याच्या सवयीचा इतका आनंद झाला की मी आईच्या फोटोकडे पाहिलं.

साचा समोर ठेवून मी दाताच्या रंगाचं सिमेंट घेऊन कोपरा परत बांधला. निळा दिवा मारून घट्ट केला. तिने वाजवून पाहिलं. "उंच झालाय." मी खरवडला. "आता कमी." पुन्हा भरला. "थोडा आतल्या अंगाला होता, मावशी." पुन्हा. बाकीचे पेशंट मी परत पाठवले. दुपारी ती बाकावर बसून नव्या रीड तासायची. बेगम बाजारातून आणलेल्या राखीच्या लाल रेशमी धाग्याने पात्या बांधायची, चाकूने केसभर तासायची, फुंकून बघायची, पुन्हा तासायची. आत मी माझं यंत्र घेऊन तेच करत होते. दोघी खरवडतोय, दोघी घाबरलोय.

वडील डोळ्याला हिरवी पट्टी लावून येऊन बसायचे. ऑपरेशन झालेल्या माणसाने घरी पडून राहावं की नाही? पण नाही. मी त्यांना म्हटलं, "चूक माझी आहे." ते म्हणाले, "आवो, तुम्ही चांगल्यासाठीच केलं." हे वाक्य मला कोणी म्हणू नये, असं मला त्या दिवसापासून वाटतं.

चौथ्या दिवशी सूर लागला. म्हणजे मला तरी तसं वाटलं. ती म्हणाली, "झालं मावशी. तसाच आहे." वडील डोळे मिटून ऐकत होते, ते सूर थांबल्यावरही तसेच बसून राहिले. पेशंट दमला की 'झालं' म्हणतो, हे मला माहीत आहे. पण मी मान्य करून टाकलं. निघताना तिने मला वाकून नमस्कार केला, नेहमी करायची तसाच, आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवताना हात चोरला.

मग मी काय करावं? मी रोज तिला मेसेज करायला लागले. एकच शब्द. "कोपरा?" आणि तिकडून एकच शब्द यायचा, "आहे." रोज सकाळी पहिला पेशंट आत घ्यायच्या आधी मी विचारायची आणि दुसऱ्या पेशंटपर्यंत उत्तर यायचं. उशीर झाला तर मी दुसऱ्या पेशंटला बाकावरच बसवून ठेवायची. प्लॅस्टरचा जबडा मी खोक्यात परत ठेवलाच नव्हता, टेबलावर घेतला होता. फोनकडे बघत बघत त्याच्यावर अंगठा फिरवत बसायची. "कोपरा?" "आहे." चाळीसेक दिवस हा आमचा पत्रव्यवहार चालला.

मतं पडली त्या दिवशी तिने काही कळवलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचे वडील जिना चढून आले. बाहेर बाक भरलेला होता, म्हणून ते आत येऊन थेट माझ्या खुर्चीत बसले, बूट घातलेले पाय त्या लांब पायपट्टीवर टेकून.

"नाही झालं," ते म्हणाले. "थोडक्यात गेलं म्हणती."

"दातामुळे?"

"ती म्हणती, दाताचा काही संबंध नाही. डॉक्टरबाईंना तसं सांगा म्हणली."

मी बरं म्हटलं. ते उठले, खुर्चीवरची बुटांची माती हाताने झटकली, मी नको नको म्हणत असताना झटकली, आणि गेले. त्या संध्याकाळी मी सवयीने मेसेज लिहिला, "कोपरा?" आणि न पाठवता पुसून टाकला.

*

दीड वर्ष ती आली नाही. मधल्या काळात तिला दुसरी जागा मिळाली, लहान गावात, लहान वाद्यवृंदात. तिथेही वर्षभर पारखलं आणि तिथे मात्र ठेवून घेतलं. पक्की. वडिलांनी नामपल्लीहून आणलेली मिठाई बाकावरच्या सगळ्या पेशंटांना वाटली, ज्यांना गोड खायची मी नुकतीच बंदी केली होती त्यांनाही. मी आनंदाने खाल्ली. पण मोठ्या शहरातली पहिली खुर्ची ती पहिली खुर्ची. हा हिशेब कोणी माझ्यापाशी केला नाही, मीच करत बसायची.

मग एका डिसेंबरात दार उघडून ती आत आली. केस कापलेले, अंगावर जाड जाकीट, जे हैदराबादेत फक्त विमानतळावरून आलेली माणसं घालतात. खुर्चीत बसली. मला वाटलं, हिचं वाक्य आता ऐकायला मिळणार नाही. पण मान टेकून ती म्हणाली, "बघा, पण हात लावू नका."

मी आरसा उचलला. ओठ तिने स्वतःच बाजूला केला. आणि मी पाहिलं.

"अगं, कोपरा कुठाय?"

"तो?" ती ओठ धरूनच म्हणाली. "तो परत गेल्यावर तिसऱ्या दिवशीच गेला. ब्रेड खाताना. तिथला ब्रेड फार कडक असतो."

मी स्टुलावर बसले. "तिसऱ्या दिवशी? आणि मग रोज 'आहे' कसं लिहायचीस?"

"तुम्ही रोज विचारायच्या ना मावशी. रोज 'नाही' कसं लिहू?"

बाहेर कोठीचा नेहमीचा गोंगाट चालू होता. मला जे विचारायचं होतं ते मी दीड वर्ष पाठ करून ठेवलं होतं, तरी ते धड निघेना. "ते त्यामुळेच गेलं का गं?" एवढंच म्हटलं.

तिने लगेच 'नाही' म्हटलं नाही. त्याबद्दल मी तिची आभारी आहे. ओठ सोडला, उठून नीट बसली. "ते कारण सांगत नाहीत मावशी. कुणालाच नाही सांगत. कधी वाटतं, हो. कधी वाटतं, मी तशीही घाबरले होते. दोन महिने खूप राग आला होता तुमचा. तुमचा मेसेज आला की फोन उलटा ठेवायचे. मग उत्तर लिहायचे." खिशातली रीडची डबी चाचपून म्हणाली, "मग नव्या तोंडाच्या रीड करायला शिकले."

मला रडू आलं. पेशंटसमोर मी कधी रडत नाही. तिने माझ्याच टेबलावरचा कापूस काढून मला दिला.

मी म्हटलं, "मी पुन्हा करून देते. नीट करते, पक्का. हा बघ साचा, अजून आहे माझ्याकडे," आणि टेबलावरचा प्लॅस्टरचा जबडा तिच्या हातात दिला.

तिने तो उजेडात धरला. फिरवून पाहिला. अंगठा त्या जागेवर ठेवला, काढला, पुन्हा ठेवला. आणि मग माझ्याकडे अशी पाहायला लागली की मला आधी कळेचना. मी साचा परत घेतला, चष्मा लावला. कोपरा नव्हता. प्लॅस्टर ते, मऊ. दीड वर्ष रोज माझा अंगठा त्याच जागेवर फिरत होता. तिथे आता गुळगुळीत, गोल, दुसऱ्यांदा केल्यासारखं.

"मावशी!" ती म्हणाली, आणि हसायला लागली, हसता हसता तिच्याही डोळ्यांत पाणी. "इथलापण घालवलात तुम्ही!"

मला तोंड वर करवेना. तीच मग खुर्चीत मागे टेकली. "नवा घ्या," म्हणाली. "आहे तसा. आता ह्याच्यावरच बसलंय सगळं."

आयुष्यात पहिल्यांदा तिने आपण होऊन मला हात लावायला सांगितलं. मी ठसा घेतला, साचा ओतला, तो सुकेपर्यंत आम्ही चहा घेतला. जाम आणला होता, तिने चकत्या करून दिल्या. साचा सुकल्यावर तिने माझ्या टेबलावरची पेन्सिल घेतली आणि त्याच्या बुडाला काहीतरी लिहिलं. तिचं मराठी अक्षर चौथीतल्या मुलीसारखंच राहिलंय, वाचायला वेळ लागतो.

त्यानंतर ती आलेली नाही. वडिलांनी इथलं घर सोडलं, ते परभणीला थोरल्या मुलाकडे राहतात, त्यामुळे ती आली तरी मुंबईवरून तिकडेच जाते. हैदराबादेत तिचं आता कोणी नाही. मेसेज येतात अधूनमधून, बर्फाचे फोटो येतात.

नवा साचा मी काचेच्या कपाटात ठेवलाय, वरच्या फळीवर, बुडाकडची बाजू पुढे करून. 'बघा, पण हात लावू नका.' कपाटातही धूळ जातेच. मी दार उघडते, हात पाठीमागे धरते, आणि लांबूनच फुंकर मारते.